गाडीची रेस खाली उतरत नाही तेव्हा

गळीत हंगाम सुरू झाला की पुणतांब्याच्या आसपासच्या रस्त्यांवर वाढलेली रेस लपत नाही. पुढे दोन ट्रेलर जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, मागे शिर्डीला निघालेल्या भाविकांची टॅक्सी आणि मध्ये पहिल्या गिअरमध्ये सरपटणारी आपली कार. ॲक्सिलरेटरवर पाय नसतानाही गाडी पुढे रेटत राहते, ब्रेक दाबून धरावा लागतो, क्लच दाबला की इंजिन खेकसते. मोकळ्या रस्त्यावर हाच दोष आठ-आठ दिवस ध्यानातही येत नाही.

मग गाडी गॅरेजला जाते. मिस्त्री बॉनेट उघडतो, थ्रॉटल बॉडीवरचा स्क्रू अर्धा आटा फिरवतो, रेस खाली येते, गिऱ्हाईक खूश. चार दिवसांनी एसी लावला की गाडी बंद पडू लागते. पुन्हा गॅरेज, पुन्हा तोच स्क्रू, या वेळी उलट्या दिशेने. मूळ बिघाड जागेवरच राहतो आणि त्यावर एक नवा चढतो. इंजेक्शनच्या गाडीत तो स्क्रू रेस कमी-जास्त करायला दिलेलाच नसतो. थ्रॉटलची पाकळी पूर्ण मिटल्यावर नळीच्या भिंतीत रुतू नये म्हणून कारखान्यात बसवलेला तो टेकू आहे. कित्येक गाड्यांत त्यावर रंगाचा ठिपका असतो. ठिपका फुटलेला दिसला तर आधी कोणीतरी हात लावून गेले आहे असे समजावे. गाडीचे मॉडेल बाजारात येण्याआधी त्याच्या धुराची चाचणी होते. आपल्याच जिल्ह्यातली अहिल्यानगरची व्हीआरडीई ही अशा चाचण्या करणाऱ्या सरकारमान्य संस्थांपैकी एक आहे. त्या चाचणीत पास झालेली मांडणी कोपऱ्यावरच्या स्क्रूड्रायव्हरने सुधारत नाही, बिघडते मात्र नक्की.

म्हणून रेस वाढली की पहिला प्रश्न ‘कमी कशी करायची’ हा नसावा. इंजिनाचा कंट्रोलर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ईसीएम, ही रेस मुद्दाम वाढवतो आहे, की त्याच्या मनात नसताना ती वाढली आहे, हे आधी ठरवावे. या एका प्रश्नाने अर्धे गॅरेज वाचते.

त्याआधी मुळात रेस वाढली आहे का ते बघू. इंजिन पूर्ण तापलेले, एसी बंद, गाडी न्यूट्रलमध्ये असताना बहुतेक पेट्रोल गाड्यांची रेस ७०० ते ९०० आरपीएमच्या दरम्यान असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर मिळतो. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर ती १२०० ते १५०० वर जाते आणि दोन-चार मिनिटांत उतरते. हा दोष नव्हे, गाडीला तसेच शिकवलेले असते. डिसेंबर-जानेवारीत गोदाकाठी पहाटे चांगलाच गारठा असतो, तेव्हा उतरायला आणखी थोडा वेळ लागेल. एसीचा कॉम्प्रेसर लागला की रेस थोडी चढते. बॅटरी उतरलेली असेल तर ती भरून निघावी म्हणूनही काही गाड्या रेस वाढवून ठेवतात. इंजिन तापले, रेडिएटरचा पंखा एकदा लागून बंद झाला, एसी बंद आहे, तरीही काटा १००० च्या वर ठाण मांडून बसला असेल तर मात्र शोध घ्यायला हवा.

अनेक स्वस्त मॉडेलांत आरपीएमचा काटाच नसतो. अशा वेळी ओबीडीचा, म्हणजे ईसीएममधले आकडे वाचणारा, छोटा ब्लूटूथ रीडर कामाला येतो. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली त्याचे सोळा पिनांचे सॉकेट असते. रीडर त्यात खोचायचा आणि मोबाइलवरच्या ॲपमध्ये आकडे बघायचे. ज्याच्या घरी दोन गाड्या आहेत त्याने हे यंत्र घेऊन ठेवावे असे माझे स्पष्ट मत आहे. सीट कव्हरवर आणि गाण्याच्या सिस्टिमवर आपण यापेक्षा कितीतरी जास्त उधळतो.

आता थोडे इंजिनाच्या आत. पेट्रोल इंजिनाचा वेग हवेवर चालतो. आत जितकी हवा, त्या मापाने पेट्रोल आणि त्या प्रमाणात वेग. पाय काढला की थ्रॉटलची पाकळी मिटते आणि इंजिन बंद पडू नये इतकीच हवा एका छोट्या मोजलेल्या वाटेने आत जाते. जुन्या इंजेक्शनच्या गाड्यांत ही वाट आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो. नव्या गाड्यांत पाकळीच मोटरवर चालते आणि ईसीएम तिला किंचित उघडी ठेवतो. रेस वाढली याचा अर्थ हवा जास्त जाते आहे. एक तर पाकळी नीट मिटत नाही, नाही तर हवा चोरवाटेने शिरते आहे. आणि या दोन्ही नसतील तर कोणीतरी चुकीची खबर दिल्यामुळे ईसीएमनेच दार उघडे ठेवले आहे.

हे वेगळे करायला स्कॅनरवरच्या दोन ओळी पुरतात. एक प्रत्यक्ष आरपीएम, दुसरी ईसीएमला हवी असलेली आरपीएम, म्हणजे डिझायर्ड किंवा टार्गेट आयडल. साध्या मोबाइल ॲपमध्ये ही दुसरी ओळ अनेकदा दिसत नाही, गॅरेजच्या स्कॅनरवर दिसते. टार्गेटही १२०० आणि प्रत्यक्षही १२०० असेल तर ईसीएमलाच ते हवे आहे. तिथे पाइप तपासत बसण्यात अर्थ नाही, त्याला खबर देणारे सेन्सर तपासा. टार्गेट ८०० आणि प्रत्यक्ष १२०० असेल तर ईसीएम बिचारा रेस खाली ओढतो आहे आणि त्याच्या हातात काही उरलेले नाही. पाकळी नीट मिटत नाही किंवा हवा बाहेरून शिरते आहे. स्कॅनरवर पी ०५०७ हा कोड दिसला तर त्याचा अर्थ एवढाच, की रेस अपेक्षेपेक्षा जास्त आहे. तो रोगाचे नाव सांगत नाही. कोड बघून पार्ट बदलणारा मिस्त्री भेटला तर सावध राहा.

स्कॅनरकडे जाण्याआधी फुकटात होणारी कामे उरकून घ्यावीत. पायाखालची मॅट सरकून ॲक्सिलरेटरवर चढली आहे का ते पाहा. बाजारातून आणलेली जाड मॅट मूळ मॅटवर टाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे; ती धोक्याची आहे आणि केवळ रेसपुरती नाही, भर रस्त्यात पेडल अडकवू शकते. केबलची गाडी असेल तर इंजिन बंद ठेवून थ्रॉटलजवळची केबल बोटांनी हलवून बघा. तिला थोडी ढील हवी. ताठ असेल तर पाकळी कायम चिमूटभर उघडी राहते. कोणाला तरी पेडल दाबून सोडायला सांगा आणि पाकळी फिरवणारी चकती झटक्यात टेकूवर येऊन बसते का ते पाहा. सावकाश येत असेल तर केबलच्या आवरणात धूळ-गंज आहे किंवा पाकळीभोवती काजळी जमली आहे. उसाच्या गाड्यांनी उखडलेल्या रस्त्यांवरची धूळ केबलमध्ये आणि एअर फिल्टरमध्ये सारखीच जाते.

ज्या नव्या गाड्यांत केबल नाही, त्यांत चावी चालू असताना पाकळीला बोट लावू नका. मोटर तिला अचानक फिरवते, बोट चेमटते आणि पाकळीची यंत्रणाही बिघडते.

या टप्प्यावर एक खबरदारी. चालू इंजिनाजवळ उपरणे, ओढणी, सैल बाही नको. रेडिएटरचा पंखा न सांगता लागतो. पत्र्याच्या शेडमध्ये दार लावून इंजिन चालू ठेवू नका, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा.

मग पाइप. इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये चालू असताना निर्वात असतो, म्हणजे तिथे गळती झाली तर काही बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत ओढली जाते. त्यामुळे ठिबकच्या फुटलेल्या लॅटरलसारखी ही गळती ओल दाखवून आपली जागा सांगत नाही. ती कानाने शोधायची. इंजिन तापवून, एसी आणि पंखा बंद करून, बॉनेटखाली कान द्या. बारीक ‘स्स्स’ असा आवाज येत असेल तर त्याच्या मागे जा. रबरी पाइप वाकतो तिथे, क्लिपखाली आणि टी-जॉइंटवर त्याला चिरा पडतात. ब्रेकच्या बूस्टरकडे जाणारा जाड पाइप, इंजिनाच्या झाकणावरून येणारा पीसीव्हीचा पाइप, पेट्रोलच्या वाफा आणणारा पर्ज व्हॉल्व्हचा पाइप आणि मॅनिफोल्डचे पॅकिंग या जागा आधी बघाव्यात. पाइप एकेक करून फडक्यात गुंडाळलेल्या पकडीने हलकेच दाबून धरा. एखादा दाबताच रेस ठळकपणे उतरली तर गळती त्याच्या पलीकडे आहे. पाइप जुना, कडक झालेला असेल तर दाबताना तो तुटतोही, पण तसा पाइप बदलायलाच हवा होता.

संशयाच्या जागी साबणाचे पाणी थोडेसे फवारून रेस डगमगते का बघता येते. फक्त वायरिंग आणि कॉइलवर पाणी पडू देऊ नका. गॅरेजमध्ये यासाठी कार्ब क्लीनरचा स्प्रे मारतात. तो झटकन पेट घेतो आणि तापलेला एक्झॉस्ट हातभर अंतरावर असतो. घरी हा प्रयोग नको. उदबत्तीचा धूर कुठे ओढला जातो ते बघण्याची युक्तीही सांगितली जाते. धूर खरोखरच दाखवतो, पण पेट्रोलच्या वाफा असलेल्या जागी विस्तव धरण्याचा शहाणपणा कोणी करू नये. गळती सापडतच नसेल तर मोठ्या गॅरेजमध्ये स्मोक मशीनने मॅनिफोल्डमध्ये धूर भरतात आणि तो फटीतून बाहेर येतो.

बूस्टरच्या पाइपकडे वेगळे लक्ष द्या. इंजिन बंद असताना ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पाय दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. नाही गेले, किंवा ब्रेक दाबताना रेस बदलते असे दिसले, तर प्रश्न रेसचा उरला नाही, ब्रेकचा झाला. अशी गाडी घेऊन घाटात किंवा समृद्धी महामार्गावर जाऊ नये.

एक गंमत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बारीक गळती कित्येक महिने दिसतच नाही, कारण ईसीएम आपला व्हॉल्व्ह तेवढा मिटून हिशेब जुळवतो. व्हॉल्व्ह पूर्ण मिटला आणि तरीही हवा उरली की मग रेस चढते. म्हणजे काल रेस वाढली म्हणून बिघाड कालचाच असतो असे नाही. आणखी एक: काही गाड्यांत गळती झाली की रेस चढून राहत नाही, वर-खाली झुलते. वेग चढला की ईसीएमला वाटते, पाय तर काढलेला आहे, मग पेट्रोल तोडा. पेट्रोल तोडले की वेग पडतो. पडला की पुन्हा सोडतो. ही झुलणारी रेस बहुधा हवेचीच असते.

आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्या मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरवर चालतात. त्यांत चोरवाटेची हवाही दाबातून मोजली जाते, ईसीएम तिच्या मापाने पेट्रोल देतो आणि इंजिन अगदी गुळगुळीत, पण जोरात चालते. त्यामुळे ‘मिसिंग नाही, म्हणजे गळती नाही’ हे गणित या गाड्यांना लागू पडत नाही. हवा आत येतानाच मोजणाऱ्या सेन्सरच्या गाड्यांत मात्र गळतीची हवा मोजणीतून सुटते, मिश्रण पातळ होते, इंजिन थरथरते आणि पी ०१७१ कोड येतो.

सीएनजी किट बाहेरून बसवलेले असेल तर माझा पहिला संशय तिथेच जातो. किट बसवताना मॅनिफोल्डला भोके पाडून नोझल बसवतात आणि दाबासाठी एक पाइप टी-जॉइंटने काढतात. दोन-तीन उन्हाळ्यांत हे रबर कडक होते, क्लिप सैल पडते. गाडी पेट्रोलवर आणि गॅसवर वेगवेगळी चालवून बघा. दोन्हींवर रेस चढलेली असेल तर हवा किंवा सेन्सर बघा. फक्त गॅसवर असेल तर किटचे ट्यूनिंग.

उंदरांना विसरून चालणार नाही. गाडी कांद्याच्या चाळीशेजारी किंवा धान्याच्या खोलीला लागून उभी राहत असेल तर रात्रीची थंडी घालवायला ते गरम इंजिनावर येऊन बसतात आणि पाइप-वायरी कुरतडतात. कुरतडलेली वायर वरून दिसत नाही, पट्टीखालून गेलेली असते. एअर फिल्टरचा डबा उघडून बघा. त्यात शेंगांची टरफले सापडली तर शोध तिथूनच सुरू करावा.

आता दुसरी बाजू, म्हणजे ईसीएमच रेस वाढवून ठेवतो तेव्हा. इथे पहिला संशयित कूलंटच्या तापमानाचा सेन्सर. तो ‘इंजिन थंड आहे’ असेच सांगत राहिला तर ईसीएम सकाळची चढी रेस आणि जास्तीचे पेट्रोल दिवसभर चालू ठेवतो. मायलेज पडते, सायलेन्सरला कच्च्या पेट्रोलचा वास येतो, प्लग काळे होतात. तपासणी फार सोपी आहे. रात्रभर उभी असलेली गाडी, सकाळी इंजिन चालू न करता फक्त चावी फिरवा आणि मोबाइलवर दोन आकडे बघा: कूलंटचे तापमान आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान. दोन्ही जवळपास सारखे असायला हवेत, कारण रात्रीतून सगळेच बाहेरच्या हवेइतके झालेले असते. एक १५ अंश आणि दुसरे ४० अंश दाखवत असेल तर त्यातला एक खोटे बोलतो. उणे ४० दिसले तर सेन्सरची वायर तुटली आहे किंवा पिन निघाली आहे. काही गाड्यांत सेन्सर गेल्याचे कळताच ईसीएम रेडिएटरचा पंखा सतत चालू ठेवतो. चावी फिरवताच पंखा लागला तर ही खूण समजावी.

मल्टिमीटर असेल तर प्रचलित सेन्सरचा रोध २० अंशांना साधारण दोन-अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास असतो. नेमके आकडे कंपनीगणिक थोडे बदलतात. डॅशबोर्डवरचा काटा मध्यावर आहे म्हणून सेन्सर चांगला, असे मात्र मानू नका. कित्येक गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा आणि ईसीएमचा वेगळा असतो.

सेन्सर खरे बोलतो आणि इंजिन खरोखरच थंड राहते, असेही होते, आणि आपल्या भागात हे जितके दिसते तितके क्वचितच कुठे दिसत असेल. उन्हाळ्यात गाडी तापली की मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकतात. ‘साहेब, आपल्याकडच्या उन्हाला तो लागतच नाही’ हे वाक्य तुम्हीही ऐकले असेल. थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडतो आणि तोवर पाणी इंजिनातच फिरवून त्याला लवकर ताप आणतो. तो काढला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरते, हिवाळ्यात मोकळ्या रस्त्यावर इंजिन साठ-पासष्ट अंशांच्या वर जातच नाही, आणि ईसीएम प्रामाणिकपणे रेस आणि पेट्रोल दोन्ही वाढवून ठेवतो. तापण्याचे खरे कारण बहुधा निराळेच असते: बोअरचे क्षारयुक्त पाणी भरून रेडिएटर आतून चोंदलेला, पाण्याचा पंप थकलेला, पंखा उशिरा लागणारा. गाडी जुनी घेतली असेल तर थर्मोस्टॅट जागेवर आहे का हे एकदा विचारून नव्हे, उघडून बघून घ्या. रेडिएटरचे झाकण मात्र गरम इंजिनावर कधीही उघडू नका. पाणी कमी होऊन सेन्सरपाशी हवेचा बुडबुडा अडकला तरी तो चुकीचे तापमान सांगतो, म्हणून कूलंटची पातळी बघणे हे या सगळ्याच्या आधीचे काम.

दुसरा संशयित थ्रॉटल पोझिशन सेन्सर. केबलच्या बऱ्याच गाड्यांत पाय काढलेला असताना त्याचा व्होल्टेज अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतो. तो वर राहिला तर ईसीएमला वाटते, ड्रायव्हरचा पाय पेडलवर आहे, आणि तो रेस उतरवण्याचे काम हातीच घेत नाही. इथे पुन्हा तोच फिरवलेला स्क्रू आडवा येतो: पाकळी उचलली की सेन्सरचा शून्यही सरकतो. एसीचा स्विच किंवा स्टिअरिंगचा प्रेशर स्विच अडकला तरी ईसीएम ओझे आहे असे समजून रेस धरून ठेवतो. अल्टरनेटर चार्जिंग देत नसेल तर आधी ते बघा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. स्मार्ट चार्जिंगच्या काही नव्या गाड्यांत हा आकडा मुद्दामच बदलता ठेवलेला असतो.

सर्व्हिसिंगमध्ये थ्रॉटल बॉडी साफ करून आणल्यावर रेस वाढली, ही तक्रार हल्ली खूप ऐकू येते. यात बहुधा कोणाचा दोष नसतो. पाकळीभोवती काजळी साठली तसा ईसीएम व्हॉल्व्ह थोडा-थोडा जास्त उघडायला शिकलेला असतो. काजळी गेली, शिकवण राहिली. काही गाड्या दोन-तीन दिवसांच्या चालवण्यात स्वतःच जुळवून घेतात, काहींना स्कॅनर लावून आयडल लर्निंग करावे लागते. पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी आहे, मोबाइलवरचे व्हिडिओ बघून दुसऱ्या कंपनीची पद्धत आपल्या गाडीवर चालवू नका. बॅटरी काढून लावल्यावरही काही गाड्यांना हे लर्निंग पुन्हा करावे लागते.

रेस वाढली की हल्ली लगेच इथेनॉलला दोष दिला जातो. आपल्याच कारखान्यांच्या उसातून तयार होणारे इथेनॉल २०२३ पासून वीस टक्क्यांपर्यंत पेट्रोलमध्ये मिसळायला सुरुवात झाली, त्यामुळे नाव चटकन तोंडावर येते. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, पेट्रोलला साधारण १४.७ पट तर त्याला ९ पट. इंजेक्शनची गाडी ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने हा फरक भरून काढते. मायलेज थोडे घटते, पण त्याने तापलेल्या इंजिनाची रेस बाराशेवर जाऊन बसत नाही. जुन्या गाडीतले रबर मात्र ते लवकर खराब करू शकते. कार्ब्युरेटरच्या जुन्या ८०० किंवा ओम्नी अजून शेतावर दिसतात. त्यांचे वॉशर आणि पाइप या निमित्ताने तपासून घ्यावेत. या गाड्यांत रेस चढण्याची पहिली जागा चोक. तो अर्धा ओढलेला राहिला की फास्ट आयडलची कॅम सुटत नाही. आणि हो, कार्ब्युरेटरवर मात्र रेसचा स्क्रू खरोखरच फिरवण्यासाठी दिलेला असतो, बहुधा आजच्या मिस्त्रींच्या हाताला ती सवय तिथूनच लागली.

पीयूसीचा कागद आपण दंड टाळायला घेतो आणि डब्यात टाकतो. तो एकदा वाचा. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची २०० पीपीएम आहे. चढ्या रेसबरोबर कार्बन मोनॉक्साइडही भरमसाट असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे, म्हणजे तापमानाच्या सेन्सरकडे आणि थर्मोस्टॅटकडे बघा. तो अगदी कमी आणि हायड्रोकार्बन वर असेल तर मिश्रण पातळ आहे, पाइप बघा. चाचणी प्रत्यक्ष नळी घालून झाली असेल तरच या आकड्यांना अर्थ, हे सांगायला नको.

डिझेलचे शास्त्र वेगळे. तिथे वेग हवेवर नाही, डिझेलच्या मापावर ठरतो, म्हणून व्हॅक्यूमचा पाइप फुटला तरी रेस वाढत नाही. जुन्या पंपाच्या जीपगाड्यांत केबल, पंपावरची स्प्रिंग आणि आयडल स्क्रू बघायचे. कॉमन रेलच्या गाड्यांत पेडलचा सेन्सर आणि कूलंटचा सेन्सर. बीएस-६ डिझेल गाडी मधूनच रेस थोडी वाढवून ठेवते, पंखा जोरात फिरतो, सायलेन्सरजवळ तापल्याचा वास येतो. बहुतेक वेळा ती आपला डीपीएफ, म्हणजे काजळीचा गाळणा, जाळून साफ करत असते. शक्य असेल तर अशा वेळी चावी बंद करू नका, पंधरा-वीस मिनिटे हायवेला चालवून या. गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटर फिरणाऱ्या डिझेल गाड्यांना हे वारंवार होते, आणि अशा वापराला डिझेल गाडी घेऊच नये.

टर्बो डिझेलमध्ये मात्र एक प्रकार जिवावरचा आहे. टर्बोचे सील गेले की इंजिन स्वतःचेच ऑइल ओढून जाळू लागते. रेस आपोआप चढत जाते, पांढरा-निळा धूर कोंडतो आणि चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही. गाडी मॅन्युअल असेल आणि आत बसलेले असाल तर ब्रेक पूर्ण दाबा, सर्वांत वरचा गिअर टाका आणि क्लच सोडा. इंजिन गुदमरून बंद पडेल. जमले नाही तर उतरा आणि माणसे लांब करा. हवेच्या तोंडाला हात लावू नका.

पेट्रोल गाडीत चालत्या रस्त्यावर पेडल अडकले तर क्लच दाबा, न्यूट्रल करा, ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरा. थ्रॉटल उघडा असताना बूस्टरला निर्वात मिळत नाही, ब्रेक पंप करत राहिलात तर उरलेली ताकदही संपते. इंजिन कितीही ओरडले तरी ओरडू द्या. धावत्या गाडीत चावी पूर्ण मागे फिरवू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकते.

गॅरेजला जाताना मिस्त्रीला ‘रेस वाढलीये, बघा’ एवढेच सांगू नका. इंजिन थंड असताना वाढते की तापल्यावर, कायम की गिअर बदलताना, एसीशी संबंध आहे का, कोणत्या कामानंतर सुरू झाली, हे कागदावर लिहून न्या आणि स्क्रूला हात न लावण्याचे आधीच सांगा. चांगला मिस्त्री याने रागावत नाही, उलट त्याचा वेळ वाचतो. सेन्सर बदलला तर जुना मागून घ्या. काम झाल्यावर कूलंट ८० अंशांच्या पुढे गेल्यावर रेस किती आहे ते त्याच्यासमोरच पाहा, मग एसी लावून, मग हेडलाइट लावून स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर पुन्हा एकदा बघा, आणि चौघांना बसवून कोपरगाव किंवा श्रीरामपूरपर्यंत एक फेरी मारून आल्यावरच काम झाले असे धरा.